विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं धाबं: सीएसआर मदतीसाठी अर्ज कसा करायचा

१९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेली बडोद्याची मराठी मंडळी भेटली, की आपल्या विभागाचं धाबं, म्हणजे सपाट गच्ची, गळतंय हा विषय निघतोच. वर्गणी काढून दरवर्षी डांबर फासण्यापेक्षा कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामांसाठी ठेवलेल्या पैशातून, ते एकदाच नीट करून घ्यावं. हा निधी कशावर खर्चता येतो त्याची यादी कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये आहे, तिच्यात शिक्षण हा विषय आहेच.

अर्ज कोणाच्या नावाने? इथेच घोटाळा होतो. माजी विद्यार्थी संघाच्या नावाने द्यायचा तर संघ नोंदणीकृत हवा, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता हवी, शिवाय अशा कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं, त्याला या अटी नाहीत. आमचा पहिला अर्ज संघाच्या नावाने गेला आणि ८०जी नाही म्हणून परत आला. अख्खं वर्ष गेलं. तेव्हा विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडेच जा. निधी विद्यापीठामार्फत खर्च होणार असेल तर सीएसआर-१, म्हणजे असा निधी खर्च करणाऱ्या संस्थेची नोंदणी, मात्र लागतेच. ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर होते. पॅन, अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही आणि सीएचं प्रमाणीकरण हवं.

कागदांत माझ्या मते सगळ्यात मोलाचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल. वर्गात उभं राहून छताला हातोडीने हलकेच ठोका. धड स्लॅब खणखणीत वाजतो, सुटलेलं प्लास्टर बद्द. बद्द वाजलं तिथे बहुधा सळई गंजून फुगलेली असते. आधी तिची दुरुस्ती, मग वॉटरप्रूफिंग. जुन्या कोब्यावर (स्लॅबवरच्या जलरोधक थरावर) पुन्हा कोबा घातलेला असेल तर तो काढायचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. त्या ओझ्यावर सोलर पॅनल चढवू नयेत. वरून पांढरा चायना मोझेक (फरशीच्या तुकड्यांचा थर) घेतला तर उन्हाळ्यात खालचा वर्ग कमी तापतो. बाकी मोजमापाचा नकाशा, फोटो, जीएसटीसह अंदाजपत्रक आणि विद्यापीठाचं मंजुरीपत्र.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पोहोचवा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात बसेल. पैसे लवकर आले तरी पावसाळ्यात धाबं उघडू नका. दिवाळीनंतर सुरू करा, मेअखेर संपवा. मग पन्हाळ्यांची तोंडं बंद करून धाब्यावर ४८ तास पाणी साठवा. खाली कुठेही ओल दिसली नाही, तरच शेवटचं बिल पास करा.