फ्रेटलेस बेस जॅकोच्या आधीपासून आहे

अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने बेस गिटारचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, उपटले आणि फ्रेटलेस बेस जन्माला आला, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती खरी नाही. इंग्लंडमध्ये, पुढे रोलिंग स्टोन्सचा बेसवादक झालेल्या बिल वायमनने १९६१ मध्येच एका स्वस्तातल्या बेसचे फ्रेट काढले होते. नवे बसवायचा बेत होता, पण आवाज इतका आवडला की बेस तसाच ठेवला. १९६६ मध्ये अँपेग या अमेरिकन कंपनीने फ्रेटलेस बेस बाजारातही आणला.

जॅकोचं श्रेय वेगळं आणि मोठं आहे. फ्रेटच्या उरलेल्या खाचा बुजवून त्याने फिंगरबोर्डवर (तारा जिच्यावर दाबतात त्या लाकडी पट्टीवर) बोटींना लावतात तो इपॉक्सी, म्हणजे वाळून टणक होणारा लेप, चढवला. राउंडवाउंड तारा, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या खरखरीत तारा, कानशीसारख्या फिंगरबोर्डचं रोझवुड लाकूड खातात. त्या टणक थरामुळे लाकूड वाचलं, सूरही लांबला.

स्वतः करणार असाल तर फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवून हळूहळू उचला. ओढलात तर कडेच्या ढलप्या निघतात.