फिल्टर लावला तरी बेरीज तीच का? शीटमधल्या बेरजांविषयी आमच्या ग्राहकांसाठी

जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची) 11 तारीख जवळ आली की आमच्या ऑफिसचा फोन थांबत नाही. त्यात एक प्रश्न हमखास असतो: "फिल्टर लावून कोल्हापूरची पार्टी काढली, पण खाली बेरीज सगळ्यांचीच दिसतेय. शीट बिघडलं का?"

एक्सेलचं शीट बिघडलेलं नसतं, फंक्शन (हिशेबाचं तयार सूत्र) चुकलेलं असतं. कुठल्या कामाला कुठलं फंक्शन, ते या पत्रकात सांगतो. नावं इथे मराठीत लिहिली आहेत; शीटवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

उदाहरणाला हळदीच्या चार नोंदी घेऊ (पार्टीचं गाव, हळदीची जात, किलो, दर, रक्कम; दर कल्पित आहेत):

कोल्हापूर, राजापुरी, 120 किलो, दर 160, रक्कम 19,200
कराड, सेलम, 80 किलो, दर 150, रक्कम 12,000
कोल्हापूर, सेलम, 50 किलो, दर 150, रक्कम 7,500
मिरज, राजापुरी, 10 किलो, दर 190, रक्कम 1,900

सम आणि सबटोटल

सगळ्या रकमांची "सम" 40,600 येते. आता फिल्टरमध्ये फक्त कोल्हापूर ठेवा. दोनच ओळी दिसतात, पण "सम" 40,600 वरच अडून बसते, कारण ओळ दिसते की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिथे "सबटोटल" हवं. कंसात आधी 9 (म्हणजे बेरीज), मग स्वल्पविराम, मग कॉलमची रेंज (पहिल्या सेलपासून शेवटच्या सेलपर्यंतचा भाग). आकडा लगेच 26,700 होतो. फिल्टर बदलला की बेरीजही बदलते.

9 ऐवजी 109 लिहिलं तर उजवं बटण दाबून हाताने लपवलेल्या ओळीही वगळल्या जातात. 9 त्या ओळी धरतो. आणखी एक सोय म्हणजे मध्ये मध्ये पार्टीवार सबटोटल घातले असतील, तर शेवटचं सबटोटल ते पुन्हा मोजत नाही. "सम" मात्र मधल्या बेरजाही धरते आणि रक्कम दुप्पट दिसते.

रोज फिल्टर लावून बघणाऱ्यांनी सबटोटलचीच सवय लावून घ्यावी.

अटीची बेरीज

फिल्टर न लावता, शेजारच्या सेलमध्ये कायम दिसेल अशी "कोल्हापूरची बेरीज" हवी असेल तर "समइफ" किंवा "समइफ्स". आमचं मत विचाराल तर अट एकच असली तरी समइफ्स वापरा. समइफमध्ये बेरजेचा कॉलम शेवटी येतो, समइफ्समध्ये सगळ्यात आधी. दोन्ही आलटून पालटून वापरले की क्रम चुकतोच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अटीची रेंज 100 ओळींची आणि बेरजेची 90 ओळींची दिली, तर समइफ गुपचूप आपल्या मनाने रेंज वाढवून उत्तर देतं. समइफ्स सरळ एरर दाखवतं. चुकीच्या आकड्यापेक्षा एरर परवडली.

कोल्हापूर आणि राजापुरी अशा दोन अटी एकत्र दिल्या की 19,200 मिळतात. एप्रिल महिन्याची विक्री हवी असेल तर तारखेच्या कॉलमवरच दोन अटी लावा, 1 तारखेपासून आणि 30 तारखेपर्यंत. "कोल्हापूर" नंतर चुकून स्पेस पडली असेल तर ती ओळ अटीत बसत नाही. ही स्पेस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पार्टीचं नाव दरवेळी टाइप न करता यादीतून निवडा.

दर गुणिले किलो

रकमेचा कॉलमच नसेल तर "समप्रॉडक्ट"ला किलो आणि दर हे दोन कॉलम द्या. ओळीओळीने गुणाकार करून ते एकदम 40,600 देतं. सरासरी दर काढताना याचा खरा उपयोग. चारही दरांची साधी सरासरी 162.50 येते, पण ती खरी नाही. मिरजेच्या 10 किलोला तिने कोल्हापूरच्या 120 किलोइतकंच महत्त्व दिलं. 40,600 ला 260 किलोंनी भागा: 156.15. माल कितीने विकला, ते हा आकडा सांगतो.

बेरीज कमी का येते

गेल्या वर्षी एका ग्राहकाचा साठा शीटशी जुळेना. तासभर शोधलं, तेव्हा एका सेलमध्ये "120 किलो" असं लिहिलेलं सापडलं. आकड्याला "किलो" चिकटलं की एक्सेलच्या दृष्टीने तो मजकूर होतो आणि "सम" त्याला वगळते, तेही एरर न देता. वरच्या उदाहरणात असं झालं तर 260 ऐवजी 140 किलो येतील. "किलो" हा शब्द कॉलमच्या डोक्यावर लिहा, सेलमध्ये नुसता आकडा. सेलमध्ये डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की संशय घ्या (अलाइनमेंट हाताने बदललेली नसेल तर). ठिपके देऊन लिहिलेल्या तारखाही बहुतेक वेळा मजकूर ठरतात आणि महिन्याच्या अटीत सापडत नाहीत.

पिव्हट टेबल

पार्टीवार, मालवार, महिनावार असा तक्ता हवा असेल तर फंक्शनं लिहीत बसू नका, पिव्हट करा; नोंदींवरून असा तक्ता ते आपोआप मांडून देतं. एक्सेलमध्ये नवीन नोंदी टाकल्यावर रिफ्रेश दाबावं लागतं, नाहीतर जुनेच आकडे दिसतात. बेरजेऐवजी नोंदींची संख्या आली तर त्या कॉलममध्ये कुठेतरी मजकूर किंवा रिकामी सेल आहे असं समजा.

आम्हाला फाइल पाठवताना फिल्टर काढून पाठवा आणि बेरजेची ओळ नोंदींच्या खाली न ठेवता सगळ्यात वर ठेवा. खाली असली की पुढची नोंद तिच्याखाली जाते, आणि पिव्हट करताना तीही एक विक्री म्हणून मोजली जाते.