लेहमधले पहिले दोन दिवस : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

लडाखच्या सहलीची चौकशी करणारे जवळजवळ प्रत्येक कुटुंब आम्हाला एकच प्रश्न विचारते. लेहला उतरल्यावर दोन दिवस हॉटेलवर बसून का काढायचे, आणि ते वाचवून पँगाँगला एक मुक्काम वाढवता येणार नाही का? हंगामात प्रत्येकाला फोनवर सविस्तर उत्तर देणे जमत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. बुकिंगपूर्वी ते घरातल्या सर्वांनी वाचावे, आणि ज्यांची प्रकृती ठणठणीत आहे त्यांनी तर आवर्जून वाचावे.

लेहच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते असे आपण म्हणतो, परंतु ते प्रमाण तेथेही पुण्याइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. घटतो तो हवेचा दाब. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा ऑक्सिजन त्याच मानाने कमी होतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, जेथे मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला फाटा फुटतो, तेथे तांदळाच्या दाण्याएवढा एकेक पिंड असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरल्याची वर्दी हे पिंड मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला देतात आणि आपला श्वास आपोआप खोल व जलद होतो. हे कार्य उलगडून दाखवल्याबद्दल बेल्जियमच्या कोर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी अडचण यानंतर सुरू होते. नाक दाबून श्वास रोखून धरला की जी घुसमट होते ती मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. एरवी आपल्या श्वासाचा लगाम त्याच वायूच्या हाती असतो. लेहला जलद श्वासामुळे हा वायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त थोडे अल्कधर्मी होते, आणि श्वसनकेंद्राला वाटते की आता श्वास पुरे. मानेतले पिंड श्वास वाढवायला सांगतात आणि रक्ताची स्थिती तो आवरायला सांगते. ही ओढाताण मिटवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती जास्तीचे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून रक्त पुन्हा समतोलावर आणतात, परंतु त्याला काही तास नव्हे तर काही दिवस लागतात. आम्ही आपल्याला हॉटेलवर थांबवतो ते या कामाला सुरुवातीची सवड मिळावी म्हणून.

पहिल्या रात्री आम्हाला हमखास एखादा फोन येतो : ‘यांचा श्वास झोपेत मध्येच थांबतोय, काय करू?’ काही सेकंद छाती हलत नाही, मग दोन-चार खोल श्वास येतात आणि पुन्हा शांतता. ही वर सांगितलेली ओढाताणच असते. उंचीवर झोपेत असे होणे नेहमीचे आहे आणि केवळ तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र झोप नीट लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नये, कारण दोन्हींमुळे श्वास आणखी मंदावतो.

आता ज्या एका चुकीमुळे सर्वांचा वेळ जातो तिच्याविषयी. विरळ हवेचा त्रास बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, त्यामुळे दुपारी छान वाटले यावरून काहीही सिद्ध होत नाही. दर रविवारी सिंहगड चढणारे आमचे एक प्रवासी सकाळी विमानातून उतरले, जेवण झाल्यावर कोणाला न सांगता शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आले आणि चहाच्या वेळी सर्वांना फोटो दाखवत बसले. रात्री एक वाजता डोके दोन्ही हातांनी दाबून ते आमच्या व्यवस्थापकाच्या दारात उभे होते, आणि पहाटेपर्यंत तीन वेळा उलटी झाली. सकाळी त्यांना रुग्णालयात ऑक्सिजन द्यावा लागला आणि पूर्ण गटाचा नुब्राचा एक मुक्काम गेला. सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर आहे. दमदार पाय आणि छाती ही मोठी ठेव आहे, परंतु रक्ताचा समतोल साधण्याचे काम त्याने लवकर होत नाही. उलट दम असलेला माणूस पहिल्याच दिवशी अधिक फिरतो.

करोनाच्या काळापासून अनेकांच्या सामानात ऑक्सिमीटर असतो. लेहला पहिल्या दिवशी त्यावर ८५ ते ९० च्या आसपास आकडा दिसणे सामान्य आहे, म्हणून दर दहा मिनिटांनी तो पाहू नये. डायमॉक्सची गोळी मूत्रपिंडांचे वरील कामच लवकर सुरू करते, परंतु ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असल्यास. बसल्या जागी धाप लागणे, खोकला वाढत जाणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे, यांपैकी काहीही दिसले तर मध्यरात्रीही आम्हाला उठवावे. लेहहून श्रीनगर किंवा मनालीकडे उतरायचे म्हटले तरी आधी ४,००० मीटरहून उंच खिंडी ओलांडाव्या लागतात, म्हणून आम्ही येथे सावधगिरीत तडजोड करत नाही.

आमची सहल इतरांपेक्षा महाग वाटते ती या दोन रात्रींमुळे, आणि त्या कमी करून दर उतरवण्याची आमची तयारी नाही. भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६० च्या दशकात उंचीवर नेलेल्या जवानांचा जो अभ्यास केला, त्यातूनच या आजाराविषयी जगाला पुष्कळ समजले. ते ज्ञान हाताशी असताना आपल्या प्रवाशांना घाईने खारदुंग ला या उंच खिंडीवर नेणे आम्हाला पटत नाही. ज्यांच्याकडे रजा अधिक आहे त्यांनी श्रीनगर, मग सुमारे २,७०० मीटरवरच्या कारगिलला मुक्काम आणि नंतर लेह, असा रस्त्याचा मार्ग निवडावा. शरीराला तो अधिक मानवतो. आणि ज्यांना एकूण पाचच दिवस मिळणार आहेत त्यांनी लडाखऐवजी हिमाचलमधील सांगला आणि कल्पा पाहावे. दोन्ही गावे ३,००० मीटरच्या आत आहेत, किन्नर कैलासाचे शिखर कल्पाच्या खोलीतून दिसते, आणि या सहलीचा तपशील आमच्या कार्यालयात मिळेल.