बंद डंपिंग ग्राउंडची तपासणी आणि देखभाल

कचरा टाकणं थांबवून वरून झाकण घातलेल्या डंपिंग ग्राउंडवर पुढची कित्येक वर्षं जी कामं करत राहावी लागतात त्यांना मिळून बंद डंपिंगची देखभाल म्हणतात. झाकणावर फिरून भेगा-खड्डे शोधायचे आणि बुजवायचे, तळाशी साचणारं काळं पाणी म्हणजे लिचेट उपसायचं, कुजणाऱ्या कचऱ्यातला गॅस पाइपांनी ओढून जाळायचा नाहीतर वापरायचा, आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी तपासायचं आणि हे सगळं लिहून ठेवायचं. भारतात 2000 च्या आणि नंतर 2016 च्या घनकचरा नियमांत ही देखभाल निदान 15 वर्षं करायची असं सांगितलंय, अमेरिका आणि युरोपात साधारण 30 वर्षं धरतात. आपल्याकडे झाकण घालायचं टेंडर निघतं, गवत उगवल्यावर फोटो छापून येतात, आणि त्या पुढच्या 15 वर्षांचं बजेट कुणाच्या लक्षातही राहत नाही, खरं तर गडबड व्हायची ती त्याच वर्षांत होते.

आतला कचरा झाकल्यावरही कुजतच असतो. हवा नसल्यामुळे तो सावकाश आंबतो, त्यातून साधारण निम्मा किंवा थोडा जास्त मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असा गॅस निघतो, सोबत थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. आपल्या कचऱ्यात भाजीपाला, उष्टं-खरकटं असा ओला भाग जास्त आणि हवा उष्ण, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत गॅस जोरात येतो आणि थंड देशांपेक्षा लवकर उतरतो, पण पूर्ण थांबत नाही. कुजताना कचऱ्याचं आकारमान कमी होतं म्हणून डोंगर खचतो, आणि खचतो तोही सगळीकडे सारखा नाही, जिथे ओला कचरा जास्त होता तिथे खोल आणि जिथे राडारोडा होता तिथे जेमतेम. देखभालीचे बरेचसे प्रॉब्लेम या असमान खचण्यातून सुरू होतात.

गोराईचं उदाहरण

मुंबईत बोरिवली पश्चिमेला गोराई खाडीच्या काठावर 1972 पासून कचरा पडत होता. जवळपास 20 हेक्टर जागा, 23 लाख टनांच्या आसपास कचरा, काही ठिकाणी 26 मीटरपर्यंत उंची, आणि खाली लिचेट जमिनीत मुरू नये म्हणून घालतात तसं कसलंही अस्तर नाही कारण त्या काळी तसा विचारच नव्हता, कचरा सरळ खाडीकाठच्या जमिनीवर. वस्ती वाढत गेली, वास आणि धूर लोकांना असह्य झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2007 मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं. मग महापालिकेने डोंगराला उतार दिले, वर पाणी न मुरणारं झाकण घातलं, खाडीच्या बाजूने लिचेट अडवायला जमिनीत भिंत उतरवली, गॅस ओढून घ्यायला विहिरी खोदून तो जाळायचा फ्लेअर बसवला, आणि 2009 पर्यंत तिथे हिरवी टेकडी दिसायला लागली. मिथेन जाळल्याबद्दल कार्बन क्रेडिट, म्हणजे हवा तापवणारा गॅस कमी सोडल्याची विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळणार होते आणि त्यापोटी आशियाई विकास बँकेच्या फंडातून आगाऊ पैसे आले. पैसे येतात ते गॅस मोजून दाखवला तरच, म्हणजे इथे रोजची मोजणी आणि देखभाल थेट पैशाला जोडली गेली, ही मला त्या प्रोजेक्टमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. खाली अस्तर नसलेल्या अशा जुन्या जागांवर झाकणाला जास्तच महत्त्व येतं, कारण तळ आता बदलता येत नाही, हातात आहे ते फक्त वरून पाणी आत जाऊ न देणं.

पाण्याचा हिशोब मांडून बघा. उपनगरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 20 हेक्टरवर दोन मीटर पाणी म्हणजे 4 लाख घनमीटर, म्हणजे 40 कोटी लिटर. झाकणातून त्यातलं दहा टक्के जरी आत शिरलं तरी एका पावसाळ्यात 4 कोटी लिटर लिचेट तयार व्हायची सोय झाली, आणि अस्तर नसेल तर त्यातलं बरंच खाडीत नाहीतर भूजलात जाणार.

झाकण

नियमाप्रमाणे झाकणात खालून वर असे थर असतात: 60 सेंटिमीटर घट्ट दाबलेली चिकणमाती, तिच्यावर पाणी वाहून जायला 15 सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर, आणि सगळ्यात वर झाडोऱ्यासाठी 45 सेंटिमीटर माती. म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. याच सव्वा मीटरची तपासणी करायची असते आणि ती पायी चालूनच होते, ड्रोनचे फोटो खचलेला भाग शोधायला मदत करतात पण बोटभर रुंदीची भेग किंवा घुशीचं बीळ चालणाऱ्यालाच दिसतं.

फेरीची वेळ ठरवताना कॅलेंडरपेक्षा पावसाकडे बघावं. मे महिन्यात मोठी तपासणी हवी, कारण दुरुस्ती त्याच वेळी होऊ शकते, जूनमध्ये भिजलेली चिकणमाती दाबली जात नाही. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चिकणमाती म्हणून काळी माती वापरतात आणि ती उन्हाळ्यात सुकली की कशी भेगाळते हे शेतकऱ्याला सांगायला नको, वरचा 45 सेंटिमीटरचा थर धुपून पातळ झाला असेल तर ऊन थेट खालच्या चिकणमातीपर्यंत पोचतं आणि तिला भेगा पडतात. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर फेरी, तेव्हा बघायचं ते पाणी कुठे साचलंय, घळी कुठे पडल्यात, गटारं तुंबलीत का. साचलेल्या डबक्यात बुडबुडे येताना दिसले तर तिथून गॅस बाहेर पडतोय हे नक्की समजा, यासाठी मीटरसुद्धा लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी टेकडी हिरवी असताना मधेच पिवळा-वाळका पट्टा दिसला तर तिथेही गॅसच असायची शक्यता जास्त, गॅसने मुळांजवळची हवा हटवली की गवत मरतं. हीच खूण मार्चमध्ये शोधून उपयोग नाही, तेव्हा सगळंच गवत वाळलेलं असतं.

दुरुस्तीत एक चूक फार ठिकाणी होते. खड्डा दिसला की ट्रकभर मुरूम ओतून मोकळे होतात. मुरमातून पाणी आरपार जातं, वरून खड्डा भरलेला दिसतो आणि खाली चिकणमातीची भेग तशीच, उलट आता तिच्यावर पाणी धरून ठेवायला सच्छिद्र भर तयार झाली. नीट करायचं तर वरची माती बाजूला काढायची, निचऱ्याचा थर काढायचा, भेगेभोवतीची चिकणमाती खरवडून ओलसर करायची, नवी चिकणमाती पातळ थरांत घालून प्रत्येक थर दाबायचा आणि मग बाकीचे थर परत त्याच क्रमाने. भर पावसात भेग सापडली तर तात्पुरती ताडपत्री आणि वाळूच्या गोण्या, पाऊस उघडल्यावर पक्कं काम. उताराच्या वरच्या कडेला समांतर जाणारी लांब भेग मात्र वेगळी गोष्ट आहे, तो उतार सरकायला लागल्याचा इशारा असू शकतो, तिथे माती भरत बसण्याआधी खालच्या बाजूची माणसं हलवायची आणि इंजिनियरला बोलवायचं.

गवत ठेवायचं, झाडं नाही. हरळीसारखं उथळ मुळांचं गवत माती धरून ठेवतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वड येतात, सुबाभूळ तर आपोआप पसरतं, आणि त्यांची मुळं चिकणमातीत घुसतात. रोप लहान असतानाच उपटलं तर काम हाताने होतं, नंतर तेच झाड काढताना झाकण खणावं लागतं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला पाहुणे बोलवायची हौस अशा टेकड्यांवर करू नये, नियम-कायदा बाजूला राहू द्या, झाकणाच्याच जिवावर ते उठतं.

लिचेट

लिचेट गोळा होतं तिथल्या टाकीतली पातळी रोज बघून लिहायची. पातळी अचानक वाढली तर झाकणातून पाणी शिरतंय, पाऊस असूनही अचानक घटली तर आनंद मानू नका, पाइप चोंदला असेल किंवा पाणी दुसरीकडून वाट काढून चाललं असेल. टेकडीच्या पायथ्याशी तपकिरी-काळे ओघळ दिसले तर ती वाट तुम्हाला सापडली. जुन्या डंपिंगच्या लिचेटमध्ये जैविक भाग हळूहळू कमी होतो पण अमोनिया आणि क्षार वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून रंग फिका झाला, वास गेला म्हणजे पाणी साफ झालं असं नसतं. भूजलासाठी टेकडीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नमुना-विहिरी लागतात, नियमात हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं पाणी उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असं तिन्ही ऋतूंत तपासायला सांगितलंय. एकाच विहिरीचा रिपोर्ट बघून काही कळत नाही, वरच्या अंगाच्या पाण्यात नाही आणि खालच्या अंगाच्या पाण्यात आहे ते डंपिंगचं.

गॅस

हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. नियमाने डंपिंगच्या जागेवर तो या खालच्या मर्यादेच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण सव्वा टक्का. गॅस नेहमी आकाशाकडेच जातो असं नाही, वरून झाकण घट्ट बसवलं आणि ओढून घ्यायची सोय कमी पडली तर तो जमिनीतून आडवा सरकतो आणि जवळच्या घराच्या पायाखाली, गटारात, केबलच्या डक्टमध्ये निघतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लोस्को गावात 24 मार्च 1986 ला एक बंगला असाच उडाला, कचराभरणी तिथे आधीच थांबलेली होती. त्या रात्री वातावरणाचा दाब काही तासांत भराभर उतरला होता आणि दाब उतरला की जमिनीतला गॅस बाहेर ओढला जातो. आतले लोक जखमी झाले पण जीव वाचले. त्यानंतर जगभर कचराभरणीच्या गॅसकडे बघायची नजर बदलली, आणि म्हणूनच गॅस मोजताना त्या दिवशीचा हवेचा दाबही लिहायचा असतो, दाब जास्त असताना घेतलेलं छान रीडिंग फसवू शकतं. आपल्याकडे मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगवर ऑफिसं उभी राहिली आणि तिथले कॉम्प्युटर, सर्व्हर वारंवार बिघडत असल्याच्या बातम्या आल्या, गंधकाचे गॅस तांबं आणि चांदीचे जोड खातात.

गॅसच्या प्रत्येक विहिरीच्या तोंडाला व्हॉल्व्ह असतो, तिथे मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन, तापमान आणि ओढ (पाइप गॅस किती जोराने खेचतोय ते) मोजून व्हॉल्व्ह थोडा उघडायचा किंवा आवळायचा. जास्त गॅस मिळावा म्हणून ओढ वाढवली की झाकणाच्या भेगांमधून हवा आत खेचली जाते आणि कचरा आतल्या आत पेट घेतो. अमेरिकेत बरीच वर्षं वापरात होती ती मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे: विहिरीत ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या वर किंवा तापमान 55 अंशांच्या वर गेलं तर कारण शोधा. जळका वास, भेगेतून वाफ, एखादा भाग एकाएकी खचणं, गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड, या आगीच्या खुणा. अशा वेळी बंब बोलवून वरून पाणी ओतायची घाई करू नये, पाणी आतल्या आगीपर्यंत क्वचितच पोचतं आणि झाकण मात्र धुऊन जातं, आधी त्या भागातली ओढ बंद करायची आणि भेगा मातीने बंद करून हवा तोडायची.

माणसांबद्दल एकच पण सगळ्यात महत्त्वाचं. लिचेटच्या मॅनहोलमध्ये गॅस मीटर, हवेची सोय, दोरी आणि वर उभा माणूस यांशिवाय कुणीही उतरायचं नाही, पंप अडकलाय एवढ्या कारणासाठी तर नाहीच. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं उतरतात आणि त्यांना काढायला उतरलेलाही परत येत नाही. गटारांमध्ये हे आपण इतक्या वेळा बघितलंय की डंपिंगवर तेच होऊ देण्याला कुठलीही सबब चालणार नाही.

कुंपण, चोरी, नोंदी

लोखंडी झाकणं, पंपाची केबल, पाइप चोरीला जातात, गुरं चरायला येतात, पोरं क्रिकेट खेळतात, कडेने झोपड्या सरकत येतात. पहारा लागतोच, पण पिढ्यानपिढ्या तिथे कचरा वेचणाऱ्या लोकांचा रोजगार डंपिंग बंद झाल्यावर एका दिवसात गेलेला असतो, देखभालीची नोकरी आधी त्यांना द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, कुठे काय पुरलंय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. नोंदींमध्ये प्रत्येक विहिरीला आणि प्रत्येक दुरुस्तीला कायमचा नंबर हवा आणि खचणं मोजायला पक्के बिंदू हवेत, नाहीतर ठेकेदार बदलला की सगळं पहिल्यापासून.

15 वर्षांनंतर जागेवर काही बांधायचं झालं तर गॅस आणि लिचेट मर्यादेत आहेत आणि जमीन स्थिर आहे हे आधी दाखवावं लागतं. हल्ली दुसरा रस्ता जास्त घेतला जातो, बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा उकरून चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करायचे आणि जागा मोकळी करायची, मुंबईत 2018 ला बंद झालेल्या मुलुंडच्या डंपिंगवर तेच काम हाती घेतलं. तिथे देखभालीची वर्षं वाचतात पण उकरताना वास, धूळ आणि आगीचा धोका असतो आणि निघालेल्या मालाला गिऱ्हाईक लागतं. न्यूयॉर्कचं फ्रेश किल्स 2001 मध्ये बंद झालं, सुमारे 2,200 एकर, तिथे टप्प्याटप्प्याने बाग होतेय आणि एक छोटा भाग 2023 मध्ये लोकांसाठी उघडला, पण गवताखाली गॅसचे पाइप आणि लिचेटचे पंप चालूच आहेत.