शहाबादी कुठे, कोटा कुठे

सांगलीत घराचं काम निघालं आणि फरशी बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "कोटा महाग पडत असेल तर शहाबादी घ्या, दगड तोच आहे." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच त्यातून घोळ होतात. दोन्ही चुनखडीचेच दगड. दोन्ही थराथरांचे, दोन्हींवर राखाडी-निळसर झाक. पण स्वस्तातला कोटा समजून शहाबादी हॉलमध्ये घातली आणि चमकवायला गेलात, किंवा भारीतली शहाबादी समजून चकाचक कोटा मोरीत घातलात, की पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

शहाबादी आपल्या शेजारची. शहाबाद हे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. कोटा येतो थेट राजस्थानातून, कोटा जिल्ह्यातल्या रामगंज मंडीच्या आसपासच्या खाणींमधून. भावातल्या फरकाचा बराच वाटा या अंतराचा आहे, हे आधी लक्षात घ्यावं. महाग म्हणून कोटा सरस आणि स्वस्त म्हणून शहाबादी हलकी, असा हिशोब इथे चालत नाही.

ओळखायचं कसं? दुकानात दोन्ही धुळीने माखलेल्या असतात, तेव्हा नुसतं बघून अंदाज बांधू नका. तांब्याभर पाणी मागा आणि दोन्हींवर ओता. कोट्यात हिरवट छटा उमटते. त्यातच एक तपकिरी जातही असते. शहाबादी राखेच्या रंगाची, ओली झाली की गडद होते. मग हात फिरवा. शहाबादीच्या मूळ पृष्ठभागावर हलक्या लाटा लागतात आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन फरश्यांची जाडीही कमीजास्त असते. कोटा त्या मानाने घट्ट आणि एकसारखा. कडा सरळ आहेत म्हणून कोटाच, असं मात्र धरून चालू नका, कारण आता शहाबादीही मशीनवर कापून येते. स्वयंपाकाच्या ओट्याला लागतो तो काळा कडप्पा, तो आंध्रातला आणि वेगळाच. या दोघांत त्याला ओढू नका.

या घट्टपणामुळे कोटा पॉलिश चांगलं धरतो. दगड बसवल्यावर, खालचा माल म्हणजे सिमेंट-वाळूचा थर किमान आठवडाभर पाणी मारून पक्का झाल्यावर, पॉलिशवाला मशीन घेऊन येतो आणि मशीनला लावायच्या जाड घासदगडापासून बारीक घासदगडापर्यंत टप्प्याटप्प्याने घासत जातो. हे काम नीट झालं तर खिडकीतला उजेड फरशीवर उतरतो आणि जुनी अंधारी माजघरंसुद्धा उजळतात. पांढऱ्या भिंती, सागवानी दारं, पितळेची एखादी समई आणि खाली हिरवट कोटा, यापुढे मला तरी महागड्या टाइल्स फिक्याच वाटतात. हवं तर कडेने जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची चार बोटांची पट्टी घाला. त्याहून जास्त नक्षी नको. दगडाचा रंग एका जागेपासून दुसऱ्या जागी बदलत असतो, तीच त्याची नक्षी.

पॉलिशचं वेळापत्रक मात्र सांभाळा. घासताना निघणारा राखाडी चिखल भिंतीवर हातभर उंच उडतो. म्हणून रंगाचा शेवटचा हात पॉलिशनंतरच. आणि न्हाणीच्या जाळीत जुनं फडकं घट्ट कोंबून ठेवा. तो चिखल पाइपात उतरून सुकला की सिमेंटसारखा बसतो आणि नव्याकोऱ्या घरात तोडफोड करावी लागते.

शहाबादीला या सगळ्या खटाटोपात पाडू नये असं माझं ठाम मत आहे. तीही पॉलिश होते, पण जाडीतला फरक काढताना खूप घासावी लागते, मजुरी वाढते आणि तरी कोट्याची चमक येत नाही. तिचा गुण तिच्या खरखरीत अंगात आहे. अंगण, पडवी, परसदार, मोरी, जिन्याच्या बाहेरच्या पायऱ्या, जिथे पाय ओले असतात तिथे तिच्याइतकी भरवशाची फरशी नाही. म्हातारी माणसं घरात असतील तर हा मुद्दा शोभेच्या आधी यायला हवा. पॉलिश केलेला कोटा ओला झाला की घसरतो. बाथरूममध्ये कोटाच हवा असेल तर खरखरीत फिनिशचा मागून घ्या. शहाबादीवर रांगोळीही चांगली धरते. गच्चीवर घालताना एवढंच लक्षात ठेवा की एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्ल्यावर तिचे पापुद्रे सुटतात. सुटलेली एखादी फरशी उपसून नवी बसवणं सोपं असतं, आणि खालची बाजू चांगली असेल तर तीच उलटी करूनही बसते.

दोघींचा एक दोष सारखा आहे आणि आपल्याकडे तोच सर्वांत महागात पडतो. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या चौकात काळा पाषाण असतो. तो ज्वालामुखीचा बेसाल्ट, त्यावर चिंच लावून पितळेची भांडी घासली तरी त्याला काही होत नाही. चुनखडीचं तसं नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, यातल्या आम्लाने दगड खरोखर खाल्ला जातो आणि तिथे पांढुरका, निस्तेज डाग उरतो. हा डाग पुसून जात नाही, कारण वर काही लागलेलं नसतं, पॉलिशच गेलेलं असतं. संडास धुवायचं ॲसिड या दोन्ही फरश्यांच्या आसपासही आणू नका. बांधकामानंतर सिमेंटचे शिंतोडे काढायला कामगार सर्रास ॲसिड ओततात; ते समोर उभं राहून थांबवा.

हळदीचं वेगळं. सांगलीच्या स्वयंपाकघरात हळद सांडणारच. ती दगडाला खात नाही, पण त्यात मुरते. वर साबण किंवा सोडा लावला की डाग लालसर होतो आणि बाई घाबरून आणखी घासतात. घासू नका. कोरडी हळद आधी झाडून घ्या, मग साध्या पाण्याने पुसा. ऊन येत असेल तर उरलेला पिवळा रंग उन्हाने हळूहळू उडतो. स्वयंपाकघरात कोटा घालणार असाल तर दगडात मुरणारं सीलर लावून घ्या. ते लागलंय की नाही हे बघायला फरशीवर पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. खाली गडद ठिपके उमटले तर पुन्हा लावायची वेळ झाली.

जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दगड घालताना वजनाचा विचार करा. एक इंच जाडीची फरशी चौरस फुटाला साधारण सहा किलो भरते. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत नुसता दगड ७२० किलो, आणि खालच्या मालाचं ओझं त्याहून जास्त. जुनी फरशी न काढता वरच नवी चढवायचा सल्ला कोणी दिला तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. लाकडी माळवदावर तर दोन्हींचा नाद सोडावा.

कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक हिशोब आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घरात पाणी शिरलं, तिथे लाकडी लॅमिनेटच्या फरश्या फुगून उचकटल्या तर नवल नव्हतं. दगड धुऊन पुन्हा वापरता येतो. पण दगडाखालच्या मालात ओल राहते आणि ती सांध्यांतून वर येताना पांढरा लोणा, म्हणजे क्षाराची भुकटी, फुटतो. तो कोरड्या ब्रशने झाडत राहा. घाईने सीलर किंवा पॉलिश केलं तर ओल आत कोंडते आणि दगडाचा वरचा थर सुटतो. उन्हाळा सरू द्या, मग हात घाला. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळमजल्यावर मुरमाची भर नीट धुम्मस करून घेतल्याशिवाय कुठलीच फरशी टिकत नाही. मोठ्या फरशीपेक्षा दोन बाय दोनची बरी. चीर गेली तर तेवढीच बदलता येते.

त्यासाठी माल घेताना हिशोबापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, एकाच गाडीतला घ्या, आणि उरलेल्या फरश्या जिन्याखाली उभ्या रचून ठेवा. पुढच्या गाडीतल्या दगडाची छटा जुळेलच असं नाही.