तबेल्याच्या तुळया खरंच जहाजाच्या असतात का?

वेल्समधल्या जुन्या भाड्याच्या घोड्यांच्या तबेल्यांबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: 'या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या आहेत, रिकाम्या खाचा बघा!'

खाचा खऱ्याच असतात, त्यामुळे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्या बहुतेकदा दुसरंच काही सांगतात. ओकचं लाकूड महाग होतं. जुनं घर पाडलं की त्याचं लाकूड नव्या बांधकामात जायचं आणि आधीच्या सांध्यांच्या खाचा तशाच उरायच्या. कधी तुळई मूळ जागेवरच असते, फक्त खालची लाकडी भिंत काढलेली असते.

जहाजाचा सांगाडा वक्र असतो. माळ्यावरच्या गवताचा भार पेलायला मात्र लांब, सरळ तुळई लागते. शिवाय वेल्सच्या डोंगराळ आतल्या भागात ओक जवळच मिळत असताना किनाऱ्यावरून अवजड लाकूड कोण ओढून नेणार? बंदराजवळ जहाजाचं लाकूड वापरल्याची उदाहरणं आहेत, पण ती मोजकीच.

तपासायचं तर टॉर्च तिरपा धरा. सांध्याशेजारी रोमन आकड्यांसारख्या कोरीव रेघा दिसल्या, तर त्या सुताराच्या जुळणीच्या खुणा. एकोणिसाव्या शतकातल्या पाइनच्या तुळईवर लांब, ओरखड्यांसारख्या खुणा असतील, तर त्या बहुधा बाल्टिक समुद्राकडच्या प्रदेशातून आलेल्या लाकडावरच्या व्यापारी खुणा. म्हणजे ते लाकूड जहाजातून आलं, माल म्हणून! ओकचं वय हवं असेल, तर लाकडातल्या वार्षिक वाढीच्या कड्यांच्या रुंदीचा क्रम आधीच काळ ठरवलेल्या नमुन्यांशी जुळवून झाड कधी तोडलं ते अनेकदा कळतं.