चिंताविकाराची गोळी जन्माची चिकटते का?

‘ती गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही,’ हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की अनेकजण डॉक्टरांची चिठ्ठी खिशातच ठेवतात. गोंधळ होतो तो दोन अगदी वेगळ्या औषधांना एकाच माळेत ओवल्यामुळे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातली औषधं. ती धडधड चटकन शांत करतात, म्हणूनच हवीहवीशी वाटतात. रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागू शकते. १९६०च्या दशकात हा गट नवा असताना त्यातली औषधं सर्रास दिली गेली. बदनामी झाली, आणि ती काही खोटी नाही.

पण दीर्घ उपचारात पहिली पसंती सहसा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या) औषधांना असते. त्यांनी नशा येत नाही. उलट गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. नेमकी तेव्हाच लोक गोळी टाकून देतात! बरं वाटल्यावर साधारण ६ ते १२ महिने औषध चालू ठेवून मग डोस हळूहळू उतरवतात. एकदम थांबवलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. त्यालाच व्यसन समजलं जातं. व्यसनातली तलफ मात्र इथे नसते.

काहींना औषध लागतही नाही. सीबीटी या मानसोपचारात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवतात, आणि त्याचा गुण टिकतो.

बेंझोडायझेपिन रोज चालू असेल तर हे वाचून स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते.